रहस्यकादंबरीतील वातावरण आणि वेग

रहस्यकादंबरी वाचणाऱ्याची एक सवय सर्वांच्या परिचयाची आहे. रात्रीची वेळ, ओसाड वाडा, वाऱ्याने हलणारी चिंचेची फांदी, दूर कोठे तरी रडणारे कुत्रे, असे वर्णन पानभर चालले म्हणजे तो हळूच पान उलटतो, आणि जेथे संवादाची अवतरणचिन्हे दिसू लागतात तेथून पुन्हा वाचावयास लागतो. खून कोणी केला एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. चिंचेच्या फांदीशी त्याला कर्तव्य नसते. पण हाच वाचक वर्षा-दोन वर्षांनी त्या पुस्तकाविषयी बोलू लागला, तर खुन्याचे नाव त्याला आठवत नाही. त्याला आठवतो तो वाडा, ती रात्र आणि ते कुत्र्याचे रडणे. ज्यासाठी तो धावला ते विसरला, आणि जे ओलांडून धावला ते त्याच्या मनात राहिले.

रहस्यकादंबरीच्या लेखकापुढे असलेला पेच या एका सवयीत सामावलेला आहे. वातावरण उभे करावे तर कथा थांबते. कथा पळवावी तर वातावरण विरते. हा पेच मराठीत नवा नाही. मराठी कादंबरी जन्मली तेव्हापासून तो तिच्या वाट्याला आलेला आहे, आणि निरनिराळ्या काळांतील लेखकांनी तो निरनिराळ्या रीतींनी सोडविला आहे. त्या इतिहासाकडे दृष्टी टाकली, तर या दोहोंपैकी कोणाला किती माप द्यावे याविषयी काही निश्चित असे सांगता येईल, असे मला वाटते.

प्रारंभ थोडा दुरून करावयास हवा. इंग्रजीतील 'नॉव्हेल' या शब्दासाठी मराठीने जो शब्द रूढ केला तो एका संस्कृत ग्रंथाचे नाव आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने 'कादंबरी' लिहिली. तिच्यात विंध्याटवीचे, अच्छोद सरोवराचे, राजसभेचे वर्णन सुरू झाले म्हणजे कथा जणू सावलीला बसते. एका वाक्यात पाने जातात. वातावरणाची इतकी समृद्धी अन्यत्र क्वचितच आढळेल. पण वाचकाला पुढे काय झाले याची घाई असेल, तर बाण त्याची मुळीच पर्वा करीत नाही. म्हणजे मराठीने या वाङ्मयप्रकाराचे नाव घेतले तेच मुळी वातावरणाच्या पक्षाकडून.

याच्या उलट दुसरी परंपराही आपल्याच घरात होती. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. राजाने स्मशानात जावयाचे, झाडावर लोंबकळणारे प्रेत खांद्यावर घ्यावयाचे, आणि तोंडातून शब्द न काढता चालू लागावयाचे. वेताळ कथा सांगतो, शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर त्याचे डोके फुटणार, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. येथे वर्णन थोडे आहे, पण भीती मात्र दाट आहे. कारण स्मशान, अंधार, खांद्यावरचे ओझे आणि मौन ही सारी कथेच्या अटीतच विणलेली आहेत. राजा ज्या वाटेने चालतो तीच वाट कथेलाही पुढे नेते. वातावरण आणि वेग यांचे भांडण मिटल्याचा इतका जुना आणि इतका निर्दोष दाखला आपल्यापाशी असताना, पुढच्या काळात तो बराच काळ कोणाच्या उपयोगी पडला नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

१८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. विधवांच्या दुःस्थितीवर लिहिलेली ती सामाजिक कादंबरी होती. पण तिच्या मागोमाग वाचकांनी जी डोक्यावर घेतली ती निराळ्या जातीची होती. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजकन्या, दुष्ट कारस्थानी, कारागृहे, अरण्ये, ताटातूट आणि शेवटी मीलन, अशी ही अद्भुतरम्य सृष्टी. तिच्यात रहस्य होते, पण त्याचा शोध नव्हता. गुंतागुंत होती, पण ती सोडविण्यास बुद्धीपेक्षा दैवाची मदत अधिक होत असे.

रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत आपल्या या निवडीचे जे कारण दिले आहे ते मनात घर करून राहणारे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या लोकांच्या विवाहपद्धतीमुळे आणि एकूण राहणीमुळे नित्याच्या आयुष्यात मनोरंजक असे गुण नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. रोज अनुभवास येते तेच लिहावे तर त्यात चित्त वेधून घेण्यासारखे काही उरत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. हे शब्द एका लेखकाने आपल्या पुस्तकापुरते काढलेले आहेत. पण त्यांतील निराशा मोठी आहे. आपल्या गावात, आपल्या घरात, आपल्या माणसांत रहस्य असूच शकत नाही, अशी ती कबुली आहे. मराठी रहस्यकादंबरीचा पुढील सर्व इतिहास हा या एका कबुलीशी घातलेला वाद आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता योगायोग पाहा. ज्या १८६८ साली 'मंजुघोषा' निघाली, त्याच वर्षी लंडनमध्ये डिकन्सच्या साप्ताहिकातून विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिचा आरंभ १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून होतो, आणि तिच्यातील हिरा हिंदुस्थानातील एका देवमूर्तीच्या कपाळावरचा. पण कॉलिन्स आपल्याला हिंदुस्थानात ठेवीत नाही. तो हिरा इंग्लंडमधील एका साध्या घरात आणून टाकतो, जेथे नोकरचाकर आहेत, वाढदिवसाची मेजवानी आहे आणि दारावर नुकताच दिलेला ओला रंग आहे. त्या घराजवळच्या समुद्रकाठी पायाखाली थरथरणारी वाळू आहे. जे आत जाईल ते गिळणारी. कॉलिन्स त्या वाळूचे वर्णन प्रारंभीच करतो, आणि वाचकास वाटते की हे केवळ अंगावर शहारा आणण्यासाठी आहे. पुढे कळते की प्रकरणातील अत्यंत महत्त्वाचा पुरावा त्याच वाळूत दडविला आहे. वर्णन वाटले ते साक्षीदार निघाले. एका लेखकाने म्हटले, नित्याच्या आयुष्यात रहस्य नाही. त्याच वर्षी दुसऱ्याने दारावरच्या ओल्या रंगाच्या डागावर कादंबरी उभी केली.

मराठी वाचकांपर्यंत इंग्रजीतून आधी पोहोचला तो मात्र कॉलिन्स नव्हे, तर जॉर्ज रेनॉल्ड्स. १८४४ पासून त्याची 'मिस्टरीज ऑफ लंडन' ही कादंबरी आठवड्याला एक पेनी किमतीच्या अंकांतून निघत होती. त्याच्या स्वदेशातील टीकाकारांनी त्याला फारसे मानले नाही, पण एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात तो विलक्षण लोकप्रिय होता. महाराष्ट्रातील शिकलेल्या पिढीने त्याची पारायणे केली. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ साली 'पुणे वैभव' पत्रातून येऊ लागली ती रेनॉल्ड्सच्याच एका कादंबरीच्या आधाराने. पुढे १८९० साली आपट्यांनी 'करमणूक' सुरू केले, आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या आठवड्या-आठवड्याने वाचकांच्या हाती पडू लागल्या.

रहस्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. बाणभट्टाला पुढच्या अंकाची काळजी नव्हती. साप्ताहिकाच्या लेखकाला ती असते. प्रत्येक हप्त्याच्या शेवटी वाचकाला अशा ठिकाणी उभे करावे लागते की पुढील आठवड्यापर्यंत त्याला चैन पडू नये. कथेचा वेग हा अशा रीतीने प्रथम छापखान्याच्या वेळापत्रकातून आला. त्याच बरोबर रेनॉल्ड्सने शहराचे वातावरणही दाखविले: गल्ल्या, तळघरे, श्रीमंतांचे दिवाणखाने आणि त्यांच्या मागील बाजूचा अंधार. त्याचे शहर मराठीत आणावयाचे तर ते कोठले म्हणून दाखवावयाचे, हा प्रश्न होता. आणि पुष्कळांनी त्याचे उत्तर शहराऐवजी किल्ले आणि गुहा हे शोधले.

हीच वेळ हिंदीतही आली होती, आणि तिचे स्मरण येथे करण्यास एक विशेष कारण आहे. मराठी वाचक महाराष्ट्राच्या सीमेवर संपत नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंताच्या हाताखाली छत्तीसगडात शिरली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून राज्य केले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला, आणि १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानीतूनच चालला. त्यामुळे रायपूर, बिलासपूर या बाजूस मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी अशी त्यांची वहिवाट. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली जन्मलेले माधवराव सप्रे हे या दुभाषी जीवनाचे थोर उदाहरण होय. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेले. अशा वाचकाच्या एका हाताशी मराठीतील अद्भुत असे, तर दुसऱ्या हाताशी हिंदीतील.

आणि ते हिंदीतील अद्भुत साधे नव्हते. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ साली प्रसिद्ध झाली. ती वाचण्यासाठी कित्येकांनी देवनागरी लिपी शिकून घेतली असे सांगितले जाते. खत्री हे चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेकेदार होते. तेथील डोंगर, दऱ्या आणि पडक्या इमारती त्यांनी पायाखाली घातलेल्या होत्या. त्यांच्या कादंबरीतील तिलिस्म, म्हणजे यंत्रांनी आणि भुलभुलैयांनी राखलेली गुप्त स्थळे, कल्पनेतील असली तरी त्यांच्या खालची भूमी ओळखीची होती. आणि त्यांचा वेग? त्यांनी प्रकरणांना 'बयान' म्हटले आणि ती लहान लहान ठेवली. तिलिस्म हे वातावरण खरे, पण ते फोडावयाचे असते. प्रत्येक दालन म्हणजे एक अडथळा, आणि प्रत्येक अडथळा ओलांडला म्हणजे कथा एक पाऊल पुढे जाते. वेताळाच्या वाटेचे सूत्र येथे नकळत पुन्हा हाती आले आहे. १९०० साली गोपालराम गहमरी यांनी 'जासूस' नावाचे मासिक काढले, आणि हिंदीत ऐयाराच्या शेजारी आधुनिक गुप्तहेर येऊन उभा राहिला.

मराठीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हे स्थान गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी घेतले. 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष' ही नुसती नावे उच्चारली तरी जुन्या वाचकांच्या डोळ्यांत चमक येत असे. मूळ आधार बहुधा रेनॉल्ड्सचा. पण शास्त्रीबोवांनी त्याला दिलेला पेहराव अस्सल देशी. त्यांची भाषा संस्कृतप्रचुर असली तरी तिला अडखळण्याची सवय नव्हती. याच सुमारास, १९१३ साली, नाथमाधवांची 'वीरधवल' आली. नाथमाधव तरुणपणी सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली अधू झाले होते. ज्याला स्वतःला चालता येत नव्हते त्याने घोडदौडीच्या, पाठलागाच्या आणि सुटकेच्या कथांनी हजारो वाचकांना धावावयास लावले. या पिढीने वाचकाला गुहेत नेले आणि तेथे रेंगाळू दिले नाही, हे तिचे श्रेय. पण ती गुहा कोणत्याही डोंगरात असू शकली असती, ही तिची मर्यादा. रिसबुडांची अडचण तिने चातुर्याने टाळली होती, सोडविली नव्हती.

ती कशी सोडवावी याचा पाठ इंग्रजीत त्याच वेळी गिरवला जात होता. ऑगस्ट १९०१ पासून 'स्ट्रँड' मासिकात कॉनन डॉयलची 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' क्रमशः येऊ लागली. शेरलॉक होम्सच्या दीर्घ कथांत सर्वांत दाट वातावरण हिचे: डार्टमूरचे उजाड माळरान, प्राचीन दगडी झोपड्यांचे अवशेष, जनावरे गिळणारी दलदल, रात्रीचा हंबरडा. डॉयलने येथे मोठे धाडस केले. त्याने होम्सलाच कित्येक प्रकरणे दृष्टीआड ठेवले आणि वाचकास वॉटसनबरोबर माळावर एकटे सोडले. वेग मंदावला, पण कोणी पान उलटून पुढे गेले नाही. याचे कारण शेवटच्या रात्री समजते. होम्सने सारा सापळा रचलेला असतो, आणि त्याच वेळी दलदलीवरून धुके सरकू लागते. ते वाटेपर्यंत पोहोचले तर सापळा फसणार. ज्या धुक्याला आपण इतका वेळ देखावा समजत होतो ते आता घड्याळाच्या काट्यासारखे पुढे सरकत असते, आणि वाचक त्याच्याकडे श्वास रोधून पाहतो. वर्णनानेच कथेला वेग देण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तरीही पुढच्या पिढीच्या इंग्रजी रहस्यकारांना वातावरणाचा कंटाळा आला. १९२८ साली व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने गुप्तहेरकथेचे वीस नियम घालून दिले. त्यांतील सोळावा नियम असा, की अशा कथेत लांबलचक वर्णने नसावीत, स्वभावाची सूक्ष्म चिरफाड नसावी, आणि वातावरणनिर्मितीचा सोसही नसावा. कारण कोडे घालणे आणि ते सोडविणे एवढेच तिचे कार्य. यात तथ्य नाही असे नाही. बुद्धिबळाच्या पटावर चित्रे काढीत बसले तर डाव दिसत नाही. पण या न्यायाने डार्टमूरचे धुकेही गेले असते आणि थरथरती वाळूही.

मराठीत वेगाचे राज्य आणले ते बाबुराव अर्नाळकर यांनी. १९०६ ते १९९६ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या लेखकाच्या नावावर एक हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. त्यांचा धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू, झुंजार आणि त्याची पत्नी विजया, काळा पहाड, ही नावे एका पिढीच्या घरोघरी होती. छोटेखानी पुस्तक, सुटसुटीत वाक्ये, संवादावर संवाद, आणि प्रकरणाच्या शेवटी रोखलेले पिस्तूल. वाचनालयातून पुस्तक भाड्याने आणावयाचे, रात्रीत संपवावयाचे आणि सकाळी बदलून दुसरे आणावयाचे, या व्यवहाराला हाच वेग शोभणारा होता. पूर्वी साप्ताहिकाने वेग ठरविला, आता वाचनालयाने. गुहा आणि कारागृहे गेली. त्यांच्या जागी मुंबईचे रस्ते, मोटारगाड्या आणि बंगले आले. हा लहानसहान बदल नव्हता. 'आपल्या शहरातही रहस्य घडू शकते' हे अर्नाळकरांनी ज्यांना पटवून दिले त्यांत गिरणीकामगारापासून वकिलापर्यंत सर्व आले. त्यांच्या पुस्तकांमुळे ज्यांना वाचनाची गोडी लागली त्यांची मोजदाद कोण करणार? ज्या समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली त्यांच्यापैकी कित्येकांच्या शालेय दप्तरात काळा पहाड लपलेला असेल!

पण या वेगाची किंमतही मोजावी लागली. हजार कथांत शहर वारंवार आले, परंतु बहुधा ते नावापुरते. मोटार कोणत्या रस्त्याने गेली हे कळते. त्या रस्त्याला वास कसला येतो, पावसाळ्यात तेथे पाणी किती वेळ राहते, चाळीतील कोणता जिना रात्री वाजतो, हे कळत नाही. ते कळले असते तर मघाच्या वाळूप्रमाणे त्या जिन्यानेही साक्ष दिली असती. घाईने चालणाऱ्या माणसाला गावातील माणसे दिसतात, गाव दिसत नाही. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आदी लेखकांनी हा वेग टिकविला, आणि शिरवळकरांनी त्यात बोलीचा खटकेबाजपणा व तरुण मनाची ओळख यांची भर घातली. तथापि मूळ तोल वेगाकडेच राहिला.

दुसऱ्या पारड्यात वजन टाकण्याचे काम भयकथेने आणि गूढकथेने केले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ही दोन नावे येथे घ्यावयास हवीत. धारपांच्या कथेत कोणीतरी मध्यमवर्गीय गृहस्थ नवे घर घेतो, सामान लावतो, मुले शाळेत जाऊ लागतात. सारे सरळ चाललेले असते. मात्र एका खोलीत थोडा गारठा अधिक. धारप तो गारठा सांगतात आणि पुढे जातात. चार पानांनी तो पुन्हा येतो. येथे वातावरण पानभर पसरलेले नसते. ते ठिबकत असते. मतकरींच्या गूढकथेतही भीती येते ती परिचित घरातून, परिचित नात्यातून. रिसबुडांना ज्या नित्याच्या आयुष्यात काहीच सापडत नव्हते, त्याच आयुष्यातील दार या दोघांनी किलकिले करून दाखविले. अर्थात भयकथेला उत्तर न देण्याची मुभा असते. रहस्यकादंबरीला ती नाही. तिला शेवटी हिशेब द्यावाच लागतो. म्हणून धारपांची रीत रहस्यकादंबरीने जशीच्या तशी उचलून भागणार नाही.

श्रोतेहो, या इतिहासातून काय निष्पन्न होते? एक गोष्ट अशी, की वातावरण आणि वेग यांचे प्रमाण लेखकाच्या आवडीनेच ठरते असे नाही. साप्ताहिक, वाचनालय, पुस्तकाची पाने आणि किंमत यांचाही त्यात हात असतो. आज वाचकाच्या हातात दूरध्वनीचा पडदा आहे आणि त्याचे लक्ष क्षणाक्षणाला दुसरीकडे जाते. तेव्हा वेगाकडे झुकण्याची ओढ पूर्वीपेक्षा अधिकच असणार. तिला वश होण्यापूर्वी लेखकाने स्वतःस एक साधा प्रश्न विचारावा: हे वर्णन काढून टाकले तर माझे कोडे मोडते का? मोडत असेल, तर ते वर्णन कितीही लांब असो, वाचक ते सहन करील; इतकेच काय, दुसऱ्यांदा वाचताना त्यात दडलेली खूण पाहून तो हरखून जाईल. मोडत नसेल, तर ते कितीही सुंदर असो, ते चिंचेच्या फांदीच्या वाटेने जाणार. वातावरणाने पुरावा व्हावे, अडथळा व्हावे किंवा घड्याळ व्हावे. थरथरती वाळू पुरावा होती, तिलिस्माचे दालन अडथळा होते, डार्टमूरचे धुके घड्याळ होते. आणि विक्रमाच्या वाटेवरचे मौन एकाच वेळी तिन्ही होते.

दुसरी गोष्ट स्थळाविषयी. वातावरणाचे असे काम करून घ्यावयाचे तर लेखकाला ते स्थळ ठाऊक असावे लागते. खत्रींना नौगढचे जंगल ठाऊक होते. काल्पनिक गुहेत पुरावा दडविता येत नाही, कारण तिचे नियमच वाचकाला माहीत नसतात. ओळखीच्या जागेत तो दडविता येतो, कारण तेथे काय असावयास हवे आणि काय नसावयास हवे हे वाचक जाणतो. म्हणून रिसबुडांचे म्हणणे उलटे करून मांडावे लागते. नित्याचे आयुष्य रहस्याला अपुरे पडत नाही. उलट रहस्याला नित्याच्या आयुष्यावाचून चालत नाही. नित्य काय ते ठाऊक असल्याखेरीज विपरीत काय ते कसे ओळखावयाचे?

एक उदाहरण घेऊन पाहू. रायपूर शहराच्या उत्तरेस उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. पोलादाचे कारखाने, रोलिंग मिल, स्पंज आयर्नच्या भट्ट्या, मालमोटारींच्या रांगा, पाळीवर येणारे-जाणारे कामगार. अद्भुतरम्य कादंबरीकाराने येथे पाऊलही टाकले नसते. ना वाडा, ना भुयार, ना अमावस्येचे स्मशान. पण थोडे थांबून पाहिले तर काय दिसते? भट्टीच्या धुराची काळी धूळ आसपासच्या गच्च्यांवर, खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. संध्याकाळी झाडून घेतलेली गच्ची सकाळी पुन्हा काळवंडलेली असते. समजा, एका रात्री काही विपरीत घडले, आणि सकाळी त्या काळ्या थरात एका खुर्चीच्या चार पायांएवढ्या जागा स्वच्छ आढळल्या. कोणी तरी रात्रभर तेथे बसले होते, आणि धूळ बसून झाल्यावर खुर्ची उचलून नेली. लेखकाने पहिल्या प्रकरणात त्या धुळीचे वर्णन केले असेल, तर ते वर्णन आता बोलू लागेल. पाळीच्या भोंग्याने वेळ बांधलेली असेल. कोण कोणत्या वेळी फाटकातून बाहेर पडला हे त्या भोंग्यावरून मोजता येईल. येथील वातावरण पाल्हाळ होऊच शकत नाही, कारण त्याच्या प्रत्येक कणाला काम आहे.

आणि शेवटी आवाजाचे. कॉनन डॉयलच्या १८९२ सालच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, एवढ्या एका गोष्टीवरून होम्स उलगड्याची दिशा पकडतो. तेथे माळावरच्या शांततेत भुंकणे अपेक्षित होते. उरला येथे याच्या उलट. जेथे भट्ट्या आणि यंत्रे रात्रंदिवस गर्जत असतात, तेथे लोक त्या गर्जनेतच गाढ झोपतात. अशा ठिकाणी रात्री अडीच वाजता सारे आवाज एकदम थांबले, तर कामगारांच्या वस्तीतील प्रत्येक घरात माणसे दचकून जागी होतील. आणि तपास करणाऱ्याने त्यांना पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की तुम्हांला जाग कशाने आली. ज्या दिवशी एखादा मराठी लेखक त्या शांततेपासून आपली कादंबरी सुरू करील, त्या दिवशी १८६८ सालच्या त्या प्रस्तावनेला पुरेसे उत्तर मिळेल.